थांबलेली गाडी

"धरलंयस ना नीट?"

"धरलंय गं बाई. आता काय दातांत धरू?" टेबलाच्या पलीकडच्या टोकाकडून पॅन्ट्रीतली मावशी म्हणाली.

सरकारी अतिथिगृहाच्या मोठ्या दालनात त्या दोघी सकाळपासून एका कापडाशी झटत होत्या. टेबल असं लांबलचक, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला त्याची खबर उद्या लागावी. त्यावरचं हिरवं कापड इस्त्री करून ठेवलं तरी कपाटात घडी घालूनच ठेवावं लागे, आणि घडीच्या रेषा मोठ्या लोकांच्या डोळ्यांत खुपत. म्हणून ते टेबलावरच पसरायचं, खाली जुनी ब्लँकेटं घालायची, ओल्या फडक्याचा हात फिरवायचा आणि जागच्या जागी इस्त्री ओढायची, अशी इथली पद्धत. एकीने ताणून धरायचं, दुसरीने ओढायचं. ओढणारी नेहमी एकच. तिच्या हातून गेलेल्या कापडावर घडी शोधून सापडत नाही, म्हणून सगळे तिला घडीताई म्हणत. नावाला तसा काही अर्थ नव्हता, पण नावं अशीच पडतात आणि मग चिकटतात.

मॅनेजर दारात येऊन उभे राहिले. माणूस मनाचा मऊ, आणि त्या मऊपणाची त्यांना स्वतःलाच धास्ती. त्यामुळे अवघड काही सांगायचं असलं की ते छताच्या पंख्याकडे बघून सांगत.

"बाई, उद्या-परवा तुम्ही घरी आराम करा," त्यांनी पंख्याला सांगितलं. "रजा मी मांडतो."

"आणि दुपारच्या जेवणानंतर कापड बदलायचं ते? तुम्ही धरणार का एक टोक?"

मावशी हसली. मॅनेजर हसले नाहीत. "त्या मुलीची आई पण येतेय पाहुण्यांबरोबर. म्हणून म्हणतोय."

घडीताईचा हात थबकला. थबकलेली इस्त्री कापड जाळते हे त्या हाताला ठाऊक होतं. तो आपणहून वर उचलला गेला.

"येऊ दे की," ती म्हणाली.

"तुमच्या तोंडून एक शब्दही जायला नको, बाई. दोन देशांचं प्रकरण आहे. कसंबसं मिटत आलंय."

"मी कुठे काय बोलते, साहेब. मी इस्त्री करते."

मॅनेजरनी पंख्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं आणि ते निघून गेले. मावशीने आपलं टोक सोडलं नव्हतं.

दोन देशांच्या प्रकरणात दोन माणसं मेली होती. एक परदेशी दवाखान्यातली तरुण नर्स. दुसरा तिच्या गाडीचा ड्रायव्हर. तो घडीताईचा नवरा.

देशात आपलीच माणसं आपल्याच माणसांवर उठली होती, आणि रस्तोरस्ती सैन्याचे नाके बसले होते. नदीपलीकडच्या वस्तीत एक बाई अडली होती, म्हणून नर्स दिवस कलताना निघाली. परत येताना पुलाजवळच्या नाक्यावर गोळीबार झाला आणि दोघंही गाडीतच गेली. दुसऱ्या दिवशी रेडिओवर सांगितलं, की इशारा देऊनही गाडी थांबली नाही, त्यामुळे सैनिकांना नियमानुसार गोळी चालवावी लागली. नर्सच्या देशाने आपला राजदूत परत बोलावला. त्यांच्या पैशावर चालणारा दवाखाना बंद झाला, औषधांच्या गाड्या सीमेवरूनच माघारी वळल्या. मग गल्लीतले लोक कुजबुजायला लागले. रोज सकाळी औषधासाठी दवाखान्याच्या रांगेत उभा राहणारा शेजारचा म्हातारा तर तोंडावरच म्हणाला, की एका माणसाला वेळेवर ब्रेक दाबता आला नाही, आणि आमच्या सगळ्यांच्या गोळ्या बंद झाल्या. बोलून झाल्यावर तो खाली बघत राहिला. त्याच्या छातीतली घरघर घडीताईला भिंतीपलीकडून रात्रभर ऐकू यायची. त्याच्याशी भांडायचं तरी कुठल्या तोंडाने?

पण तिला हसू यायचं, रडण्याच्या मधेच. ज्याला सगळा ड्रायव्हर-स्टँड 'हँडब्रेक' म्हणून हाक मारायचा, तो थांबला नाही म्हणे!

हा माणूस सिग्नलला हँडब्रेक ओढायचा. मांजर आडवं गेलं तरी हँडब्रेक ओढायचा. पेट्रोल भरताना, पत्ता विचारताना, कुणी नुसता हात दाखवला तरी आधी गाडी थांबवायची, मग डाव्या हाताने तो दांडा कर्रकर्र करत वर ओढायचा आणि मगच काच खाली करायची. शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की पायाचा भरवसा धरू नकोस, पाय घाबरतो. ते त्याने जन्मभर धरून ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिला गाडीतून फिरायला नेलं तेव्हा एवढ्या वेळा तो दांडा ओढला, की ती म्हणाली होती, "आपण फिरायला चाललोय की विहिरीचं पाणी काढायला?" घरातही त्याची तीच तऱ्हा. जेवताना कुणी काही विचारलं तर घास खाली ठेवायचा आणि मग बोलायचा. सासू म्हणायची, हा पोटातून येतानाही थांबत थांबत आला, सुईण कंटाळली होती.

नाक्यावरून ती गाडी आणायला गॅरेजवाला गेला होता. दवाखान्याच्या गाड्या त्याच्याकडेच असायच्या, दोघांची कित्येक वर्षांची मैत्री. महिनाभराने तो घरी आला. नवऱ्याचा चष्मा, टॉवेल आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, चहाला नको म्हणाला आणि तरी बसून राहिला. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, गाडी ओढायला गेलो तर चाकं हलेनात. आत बघितलं. हँडब्रेक वर होता. पूर्ण वर. मीच खाली केला, नाहीतर गाडी निघालीच नसती."

मरणारा माणूस गोळी लागल्यावर हँडब्रेक ओढत नाही. तो आधीच ओढलेला होता. गाडी थांबलेली होती.

"हे कुणाला सांगाल तर मी नाही म्हणेन," गॅरेजवाला म्हणाला. "माझी पोरं लहान आहेत, वहिनी." आणि हा दांडगा माणूस तिच्या पायरीवर बसून तोंडावर हात धरून रडला. तिने त्याला शब्द दिला. दुसरं काय करणार होती? दांडा त्यानेच खाली केला होता, तो पुन्हा वर झालेला कुणाला दाखवता येणार नव्हता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती कामावरून आली, की उंबऱ्यावर बसलेली सासू विचारायची, "थांबला होता ना गं तो?"

"थांबला होता, आई."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. मला. गॅरेजवाल्याला. आणि ज्याने गोळी झाडली त्याला."

सासू एकेक बोट मिटत जायची. चार बोटं मिटायची. अंगठा तसाच उभा राहायचा, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अतिथिगृहावर सैन्याचा बंदोबस्त आला. त्यांचा हवालदार पिकल्या मिशांचा, गोड बोलणारा माणूस होता. दुपारी तो आपला शर्ट घेऊन इस्त्रीच्या खोलीत आला. "ताई, एवढा जरा मारून द्याल का? उद्या फोटोबिटो निघतील."

तिने सवयीप्रमाणे आधी खिसे तपासले. वरच्या खिशात एक जाड, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड निघालं.

"ते असू द्या, ते अंगावर ठेवावंच लागतं," हवालदार म्हणाला. "गोळी कधी चालवायची त्याचं कार्ड आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवतो आम्ही." आणि स्टुलावर बसून त्याने पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. आधी हात वर करून थांबा म्हणायचं. मग मोठ्याने ओरडायचं, की थांबा, नाहीतर गोळी चालवू. मग हवेत. मग चाकावर. आणि त्यानंतरही समोरचा चालून आला, जिवावर बेतलं, तरच अंगावर.

"आणि थांबला तर?"

"थांबला तर काय? संपलं. थांबलेल्या माणसावर गोळी चालत नाही, ताई. तो तर गुन्हा होतो."

दारात उभ्या असलेल्या मावशीने त्याला डोळ्याने खुणावलं. त्याला ते उशिरा कळलं. मग त्याने भिंतीवरच्या खिळ्याकडे, इस्त्रीकडे, आपल्या हाताकडे पाहिलं. स्टुलावरून उठायचं त्याला सुचलं नाही.

घडीताई शर्टाची कॉलर दाबत राहिली. आजवर तिला वाटत होतं, की कुणीतरी चुकून खोटं बोललं असेल आणि ते रेटलं गेलं असेल. आत्ता, वाफेच्या त्या ढगात, तिला सरळ दिसलं. गाडी थांबली असेल तर शिपाई गुन्हेगार. शिपाई गुन्हेगार, तर त्याच्या वरचा, आणि मग त्याच्या वरचा, थेट सरकारपर्यंत. आणि ते कुणालाच नको असेल, तर गाडी थांबलेली असून चालायचं नाही. तिच्या नवऱ्याला मेल्यावरही गाडी चालवत राहायलाच हवं होतं.

"मी त्या नाक्यावर नव्हतो," हवालदार म्हणाला. "पण ऐकलंय. ताई, त्याच्या आदल्या दिवशी तिथे एक गाडी आली होती. बोलावल्याबरोबर थांबली. चांगली शहाण्यासारखी थांबली. आणि फुटली. गोळी झाडली त्या पोराचा जोडीदार त्यात गेला. दुसऱ्या दिवशी थांबलेली गाडी बघितली, की..."

"कार्डावर आहे का हे?"

"कार्डावर भीतीबद्दल काही नसतं."

तिने शर्ट त्याच्या हातात दिला. कार्ड खिशात होतं तसं परत ठेवलं होतं, बटणसुद्धा लावलं होतं. त्या अनोळखी पोराला ती रोज शिव्या द्यायची, त्या दिवशी तिला त्या देता आल्या नाहीत. आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. काळ्या गाड्या, काळे कोट, दोन्ही देशांचे छोटे झेंडे. त्यांच्यामधून नर्सची आई चालत आली, ती त्यांच्यातली वाटतच नव्हती. उंच, हाडकुळी, केस पांढरे, आणि हातात स्वतःची बॅग. चार जणांनी ती बॅग घ्यायला हात पुढे केले, पण तिने कुणाला दिली नाही.

थोड्याच वेळात तिच्या खोलीतून एक काळा झगा इस्त्रीला आला. बैठकीला तो घालायचा होता. घडीताईने तो उलटा करून बघितला. नवा होता. आतली दुकानाची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. ही बाई एरवी काळं घालत नसणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने आधी ती चिठ्ठी उसवली, मग झगा इतका हळू इस्त्री केला, की मावशी म्हणाली, बास कर, कापड आहे ते, जखम नाही.

झगा पोचवायचं काम खोल्यांवरच्या पोरीचं. घडीताईने तो तिच्याकडे दिला नाही. मॅनेजर दालनात गुंतले होते.

आई पलंगावर बसली होती. शेजारच्या टेबलावर फोटो ठेवला होता. दवाखान्याच्या पांढऱ्या गाडीला टेकून नर्स उभी, तोंडभर हसत होती, आणि गाडीच्या पलीकडून, टपावर कोपर ठेवून, घडीताईचा नवरा. त्याचे फोटो घरात दोनच, आणि दोन्हींत तो पोलिसात तक्रार द्यायला आल्यासारखा उभा. इथे तो हसत होता. कशावर हसत होता कोण जाणे. त्या पोरीनेही हँडब्रेकवरून त्याची थट्टा केली असेल.

घडीताईने झगा पलंगावर ठेवला. मग तिचं बोट आपोआप फोटोकडे गेलं. त्याच्यावर. मग स्वतःच्या छातीवर.

आईने फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. कळलं तिला. तिचा चेहरा आतून कडी घातल्यासारखा बंद झाला. त्यात राग असता तरी चाललं असतं. पण राग नव्हता. ज्याच्यामुळे आपली मुलगी गेली त्याच्या बायकोशी कसं वागावं हे ठरवू न शकणाऱ्या सभ्य बाईची ती अडचण होती.

तो थांबला नाही असं सगळ्या देशाने म्हटलं तरी चालेल, घडीताईच्या मनात आलं, पण हिने नाही. जन्मभर ही रात्री जागी होईल आणि हसणाऱ्या त्या माणसाला शिव्याशाप देईल. हिला तरी कळू दे. एक शब्दही नको, असं मॅनेजर म्हणाले होते. शब्द तसेही नव्हते. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती आणि दुभाष्या सरकारचा.

तिने दोन्ही हात पुढे धरले, स्टिअरिंग फिरवलं. मान डोलावून फोटोतला माणूस दाखवला. उजवा पाय जमिनीवर दाबला. मग डावा हात खाली नेला, मूठ वळली आणि जोर लावून वर ओढली. पुन्हा एकदा. मूठ खाली, मग वर.

आईचे डोळे त्या मुठीवर होते. आणि मुठीच्या अगदी शेजारी, पलंगाला टेकून, तिची बॅग उभी होती.

तिने बॅगेकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा त्या मुठीकडे. मग तिची मान ताठ झाली. तिने वाकून बॅग उचलली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, स्वतःजवळ ओढून घेतली.

आपण काय केलं हे घडीताईच्या लक्षात आलं. बॅग उचल आणि चालती हो. हिला असं वाटलं. पोर गमावून आलेल्या आईला आपण असं म्हणालो.

ती नाही नाही म्हणून दोन्ही हात हलवत राहिली. तेवढ्यात दार वाजलं, दुभाष्या आत आला, आणि त्याने इस्त्रीच्या बाईला इथे काय काम म्हणून विचारलं. कपडे द्यायला आले होते, ती म्हणाली.

बैठक संध्याकाळपर्यंत चालली. दुपारच्या जेवणानंतर दोघींनी कापड बदललं, इस्त्री ओढली, आणि त्या पॅन्ट्रीत येऊन बसल्या. मावशी चहा घेऊन आत जायची आणि बातमी घेऊन बाहेर यायची. सुरुवातीला आवाज चढले होते म्हणे. मग हळूहळू उतरले. संध्याकाळनंतर पूल ओलांडायचा नाही असा त्या दवाखान्याचाच नियम होता, आणि नर्सला पाठवणाऱ्याने तो मोडला होता. ते बाहेर येणं पाहुण्यांनाही नको होतं. इकडच्यांचं झाकायचं होतंच. मग असं काहीतरी शोधणं चाललं, ज्यात दोघांचीही चूक नसेल.

"सापडलं का?" घडीताईने विचारलं.

मावशीने कपबशा टेबलावर ठेवल्या. एरवी आदळायची, आज ठेवल्या. "दार उघडंच आहे बघ. वाचून दाखवतायत."

दुभाष्याचा आवाज गुळगुळीत होता. दोन्ही देशांची जुनी मैत्री. एका सेवाभावी जीवाची हानी, तीव्र दुःख. तिच्या नावाने दवाखाना पुन्हा सुरू. आणि मधे कुठेतरी, कापडातल्या दोऱ्यासारखं एक वाक्य, की वाहनचालकाच्या गैरसमजामुळे वाहन न थांबल्याने ही दुर्दैवी घटना घडली. सैनिकांनी नियमांचं पालन केलं. पुढेही करतील.

खापर फोडायला डोकं हवं होतं, ते सापडलं. ना त्यांच्या देशाचं, ना इकडे कुणाच्या ओळखीचं. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या. घडीताई उठली आणि तिने नळाखाली कपबशा विसळायला घेतल्या. ते काही तिचं काम नव्हतं. मावशीने तिला करू दिलं.

मॅनेजर आत आले. यावेळी पंखा नव्हता, म्हणून ते नळाकडे बघत म्हणाले, "दवाखाना सुरू होतोय, बाई. लोकांची सोय होईल."

"चांगलं झालं," ती म्हणाली. आणि ती खरंच तसं म्हणत होती. शेजारच्या म्हाताऱ्याची घरघर तिला आठवली. "शेजाऱ्यांना सांगते."

मॅनेजर आणखी काही म्हणणार होते. पण त्यांनी नुसता नळ बंद केला, तो तिने चालूच ठेवला होता.

पाहुणे उजेड असतानाच निघाले. पोर्चमध्ये गाड्या लागल्या, हवालदाराची माणसं रांगेत उभी राहिली. त्याच्या शर्टाची कॉलर कडक होती. कर्मचाऱ्यांनाही निरोपाला उभं केलं होतं. घडीताई शेवटच्या खांबापाशी, मावशीच्या मागे उभी राहिली. पुढे जायचा धीर नव्हता.

आई आली. अंगावर काळा झगा, कुठे सुरकुती नाही. बॅग हातातच. तिने कुणाकडे पाहिलं नाही. मागच्या सीटवर बसली, दार लागलं, काच बंद होती. पुढच्या ड्रायव्हरने गाडी चालू केली. मग त्याचा खांदा बाजूला झुकला. हँडब्रेक काढायला हात खाली गेला, दांडा आधी जरासा वर ओढावा लागतो तसा ओढला, आणि सोडला. गाडीने अंग झटकलं.

काचेतून घडीताईला आईचं डोकं दिसत होतं. ते पुढे झुकलं. दोन सीटांच्या मधल्या जागेत, ड्रायव्हरच्या त्या हाताकडे, ती बघत राहिली.

गाडी निघाली. थोडी गेली आणि थांबली. मागच्या गाड्याही थांबल्या. हवालदाराने मान वळवली. दुभाष्या कुठल्यातरी गाडीतून उतरायला लागला.

आईची काच खाली आली. ती मागे वळून रांगेतले चेहरे शोधत होती. मावशी बाजूला सरकली. आपल्यासाठी सरकली, हे घडीताईला मागाहून कळलं. दोघींची नजर भेटली. आईच्या चेहऱ्याची ती आतली कडी आता नव्हती. तिथे काय होतं ते बघवत नव्हतं. इतके दिवस तिला एक माणूस दोष द्यायला मिळाला होता, आता तोही राहिला नव्हता.

तिचा हात काचेबाहेर आला. निरोपाचा हात उघडा असतो. हा मिटलेला होता. ती मूठ खाली गेली, आणि जड काहीतरी ओढावं तशी हळू वर आली. आणि वरच राहिली.

घडीताईने मान हलवली. हो.

मग काच वर गेली. फाटकावरचा अडसर सैनिकांनी आधीच उचलून धरला होता. गाड्या एकामागून एक त्याच्याखालून निघून गेल्या. त्यांना कुणी थांबवत नाही.

"काय म्हणाली गं ती?" मावशीने विचारलं.

"चल, कापड काढायचंय," घडीताई म्हणाली. दालनात दोघींनी कापडाची टोकं धरली, जवळ आल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या, आणि त्याची घडी झाली.

घरी पोचली तेव्हा सासू उंबऱ्यावरच होती. शेजारच्या घरातून रेडिओवर तेच गुळगुळीत वाक्य चाललं होतं. म्हाताऱ्याने आवाज बारीक केला, मग बंदच केला.

"थांबला होता ना गं तो?" सासूने विचारलं.

"थांबला होता, आई."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. मला. गॅरेजवाल्याला. ज्याने गोळी झाडली त्याला." बोटं एकेक मिटत गेली. नेहमीच्या ठिकाणी सासू थांबली. घडीताई पायरीवर तिच्या शेजारी टेकली. "आणि त्या पोरीच्या आईला."

सासूने आपल्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या हाताने तो वाकडा, सुजलेल्या पेराचा अंगठा हलकेच दाबून मिटवला, आणि ती मूठ मांडीवर तशीच धरून ती बसून राहिली.